बातमी लिहायला माणूस लागतोच का? साचे, आकडे आणि भाषा मॉडेलं

जुळारी (धागाकर्ता)

यंत्र बातमीदाराला घरी बसवणार का, असा प्रश्न निघाला की चर्चा दुसऱ्याच प्रतिसादात ज्योतिषाकडे वळते. म्हणून आधीच विनंती: भाकितं नकोत, स्वतःचे किस्सेही नकोत. काय चालतं, कसं चालतं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवातीला एक फरक. बातमी लिहिणारी यंत्रं दोन जातींची आहेत. पहिली साच्याची: माणसाने वाक्यं आधीच लिहून ठेवायची, यंत्राने तक्त्यातले आकडे बघून योग्य वाक्य निवडायचं आणि मोकळ्या जागा भरायच्या. ही जात बरीच जुनी. कॅनडात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच 'फॉग' नावाची प्रणाली हवामानाचे अंदाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत थेट आकड्यांवरून लिहीत होती. १७ मार्च २०१४ रोजी सकाळी लॉस एंजेलिसला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्सच्या 'क्वेकबॉट'ने तीनेक मिनिटांत बातमी दिली. भूगर्भ सर्वेक्षण खात्याची सूचना आली, मसुदा तयार झाला, माणसाने तो वाचून बटण दाबलं. त्याच वर्षी जुलैत असोसिएटेड प्रेसने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या 'वर्डस्मिथ' या प्रणालीकडे दिल्या. आधी तिमाहीला सुमारे ३०० निकालांच्या बातम्या व्हायच्या, त्या ३,००० वर गेल्या.

दुसरी जात भाषा मॉडेलांची, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या यंत्रांची. तिला साचा लागत नाही, तक्ताही लागत नाही. काहीही द्या, मजकूर येतो. आणि गोंधळ इथेच होतो, कारण 'एआयने लिहिलेली बातमी' म्हणताना लोक या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत टाकतात.

माझं म्हणणं असं की वाक्य लिहिण्याच्या आधीचं काम कोण करतंय ते बघितल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही. पुढे तुम्ही बोला.

रकाना

साच्याची बातमी बाहेरून दिसते तेवढी सोपी नसते, म्हणून तिमाही निकालाचंच उदाहरण उघडून दाखवतो.

रकाने किमान एवढे लागतात: कंपनीचं नाव, तिमाही संपल्याची तारीख, या तिमाहीचा निव्वळ नफा, गेल्या वर्षीच्या याच तिमाहीचा नफा, दोन्ही वेळचं उत्पन्न, आकड्यांचं एकक, आणि आकडे उपकंपन्या धरून आहेत की एकट्या कंपनीचे. शेवटचा रकाना लोक विसरतात. मग या वर्षीचा एकत्रित नफा गेल्या वर्षीच्या एकट्या कंपनीच्या नफ्याशी ताडला जातो आणि बातमीत भरघोस वाढ दिसते. ती झालेलीच नसते.

मुख्य वाक्य असं:

[कंपनी-चा] निव्वळ नफा गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत [फरक] टक्क्यांनी [वाढून / घटून] [नफा] कोटींवर [गेला / आला].

दोन्ही आकडे नफ्याचे असतील तरच हे वाक्य चालतं. गेल्या वर्षी ५० कोटींचा तोटा आणि यंदा २५ कोटींचा नफा असेल तर शाळेतलं सूत्र लावून बघा: नवा वजा जुना ७५, भागिले उणे ५०, म्हणजे उणे १५० टक्के. यंत्र निमूटपणे लिहिणार, 'नफा १५० टक्क्यांनी घटला'. कंपनी तोट्यातून बाहेर आली आहे आणि बातमी उलटी. म्हणून चार फांद्या आधीच वेगळ्या करायच्या: नफा-नफा, नफा-तोटा, तोटा-नफा, तोटा-तोटा. मधल्या दोन फांद्यांत टक्के काढायचेच नाहीत. सरळ दोन्ही आकडे द्यायचे.

जुना आकडा फारच लहान असेल तेव्हाही टक्के फसवतात. २० लाखांचा नफा ९ कोटींवर गेला तर ४,४०० टक्के वाढ येते. गणित बरोबर, वाचकाच्या हाती शून्य. ठरावीक मर्यादेपुढे 'पट' वापरायची, आणि तिथेही सांभाळून: ३०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट नव्हे, चौपट.

जे मूल्य मुळातच टक्क्यांत असतं त्याची तऱ्हा वेगळी. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला की आपण 'एका टक्क्याने वाढला' म्हणतो, सूत्र मात्र २५ टक्के वाढ सांगतं. अशा रकान्यावर 'फक्त वजाबाकी' अशी खूण आधीच करून ठेवायची.

'किंचित', 'लक्षणीय', 'मोठी घसरण' हे शब्द कितीपासून किती टक्क्यांना लावायचे ते संपादकाने बसून ठरवायचं. हा निर्णय प्रोग्रॅमरवर सोपवला की तो ५, १०, २० असे गोल आकडे टाकून मोकळा होतो. पोलादाच्या धंद्यात १० टक्के चढउतार नेहमीचा असतो, वीजपुरवठ्याच्या धंद्यात तेवढ्याने खळबळ माजते. त्यामुळे एकच पट्टी सगळ्यांना लावून चालत नाही.

सामान्यरूप

रकाना यांचा साचा मराठीत चालवायचा तर '[कंपनी-चा]' या एवढ्याशा कंसात अर्धं काम दडलेलं आहे.

इंग्रजी साच्यात नाव जसंच्या तसं चिकटवता येतं. मराठीत प्रत्यय लागला की नाव बदलतं, आणि कसं बदलेल ते शेवटच्या अक्षरावरून सांगता येतच असं नाही. अमेरिका, श्रीलंका, आफ्रिका: अमेरिकेने, श्रीलंकेने, आफ्रिकेने. यावरून 'शेवटी आ असेल तर ए करा' असा नियम लिहिला की कॅनडा आणि क्युबा आडवे येतात. 'कॅनडेने' कोणी म्हणत नाही. रशिया, ऑस्ट्रेलियाही तसेच राहतात. म्हणून नियमावर विसंबायचं नाही, प्रत्येक नावाचा तक्ताच करायचा: मूळ रूप, लिंग, वचन, सामान्यरूप, 'मध्ये' की 'त' (जपानमध्ये, पण रशियात), आणि आदर.

हा 'आदर' रकाना परभाषेतून आलेल्या कुठल्याही तक्त्यात नसतो. कर्णधार 'म्हणाला', पंतप्रधान 'म्हणाले', मंत्री बाई असतील तर 'म्हणाल्या'. 'पंतप्रधान म्हणाला' असं एकदा छापून आलं की त्या दिवशीच्या बाकीच्या शंभर बरोबर बातम्या कोणाला आठवत नाहीत. खेळाडूचं लिंगही तक्त्यात नसेल तर 'शतक झळकावलं' इथपर्यंत निभावतं, पुढच्याच वाक्यात 'बाद झाला' की 'बाद झाली' इथे यंत्र अडतं.

क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, हा आणखी एक सापळा. सामना जिंकला, मालिका जिंकली, विजेतेपद पटकावलं. नफा वाढला, विक्री वाढली, उत्पन्न वाढलं. साच्यात नाम बदलण्याची सोय ठेवली असेल तर क्रियापदही त्याच्याबरोबर बदलायला हवं, नाहीतर 'विक्री वाढला' ठरलेलं.

मग वचन: १ धावेने, २ धावांनी. १ टक्क्याने, २ टक्क्यांनी, अर्ध्या टक्क्याने. एका धावेने लागलेला निकाल दुर्मिळ असतो, म्हणून चाचणीत तो येतच नाही आणि नेमका गाजलेल्या सामन्यात '१ धावांनी' छापून येतं.

शेवटचं एककांचं. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी किंवा १ अब्ज, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. '२.५ बिलियन'चे २५० कोटी होतात. ते '२.५ कोटी' झाले तर शंभरपट चूक, आणि वाक्य इतकं सुरेख की डोळा अडखळतही नाही. हे रूपांतर साच्याच्या आत करू नये. आकडे तक्त्यात येतानाच एकदा करावं आणि मूळ आकडा शेजारच्या रकान्यात तसाच ठेवावा.

तळटीप

आता फसलेली उदाहरणं. तिन्ही साच्याच्या जातीची.

२१ जून २०१७. क्वेकबॉटने सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेच्या भूकंपाची बातमी दिली. असा भूकंप त्या दिवशी झालाच नव्हता. तो झाला होता २९ जून १९२५ रोजी. संशोधक त्या जुन्या भूकंपाच्या केंद्राची नोंद दुरुस्त करत होते, त्या दुरुस्तीतून चुकून सूचना सुटली आणि तिच्यावर वर्ष होतं २०२५. म्हणजे तारीख आठ वर्षं पुढची! माणसाने नुसती तारीख वाचली असती तरी हसून सोडून दिलं असतं. यंत्राला 'घटनेची वेळ आत्ताच्या वेळेच्या पुढे असू शकत नाही' असं कोणी सांगितलेलं नव्हतं, तर ते का थांबेल? एका ओळीची अट आहे ही.

दुसरं जुलै २०१५ मधलं. असोसिएटेड प्रेसच्या स्वयंचलित बातमीत नेटफ्लिक्सचा शेअर वर्षाच्या सुरुवातीपासून ७१ टक्के पडल्याचं आलं. प्रत्यक्षात कंपनीने एका शेअरचे सात केले होते आणि जुन्या भागधारकांचं मूल्य दुपटीवर गेलं होतं. गंमत म्हणजे हे दोन्ही एकाच गणितात बसतं. समजा भाव १०० होता. दुप्पट झाला, २००. त्याचे सात भाग केले, २८.५७. आता १०० वरून २८.५७ म्हणजे ७१ टक्क्यांची घसरण. यंत्राचा भागाकार बिनचूक होता, फक्त शेअरची विभागणी झाली आहे ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती. एवढा मोठा फरक दिसला की शेअर विभागणी, बोनस, विलीनीकरण यांपैकी काही झालंय का ते तपासेपर्यंत बातमी अडवायची, हा त्यावरचा साधा उपाय.

तिसरं ऑगस्ट २०२३ मधलं. अमेरिकेतल्या गॅनेट समूहाच्या वृत्तपत्रांत शालेय सामन्यांच्या बातम्या 'लीड एआय' या प्रणालीने केल्या. त्यांतल्या एका बातमीत संघाच्या बोधचिन्हाचं नाव यायला हवं होतं तिथे चौकटी कंसातलं रकान्याचं नावच छापून आलं. रिकामा रकाना आला तर काय करायचं, हे साच्यात ठरवलेलं नव्हतं. मोकळी जागा उरली तर ते अख्खं वाक्य गाळायचं, आणि प्रसिद्धीच्या आधी मजकुरात एकही कंस शिल्लक नाही ना ते बघायचं. हे दुसरं काम पाच मिनिटांच्या प्रोग्रॅमिंगचं आहे.

तिन्ही ठिकाणी मराठीच्या, इंग्रजीच्या किंवा कुठल्याच भाषेच्या नावाने बोटं मोडायला जागा नाही. बिघाड आकडे यंत्रात शिरतात त्या दारात आहे.

अर्धविराम

तळटीप, उदाहरणं खरी आहेत, पण पारडं एका बाजूला झुकतंय. हजारोंनी बरोबर निघालेल्या बातम्यांची अशी यादी कोणी करत नाही.

२०१९ च्या ब्रिटिश निवडणुकीत बीबीसीने मतदारसंघनिहाय निकालाच्या जवळपास ७०० बातम्या यंत्राने लिहिल्या, वेल्सच्या ४० जागांसाठी वेल्श भाषेतही. पत्रकार त्या वाचून पुढे सोडत होते. एका रात्रीत ६५० मतदारसंघांना प्रत्येकी स्वतंत्र बातमी देणं कुठल्याही डेस्कला जमलं नसतं. वॉशिंग्टन पोस्टने 'हेलिओग्राफ' ही आपली प्रणाली २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून वापरली आणि पहिल्या वर्षात तिच्या सुमारे ८५० बातम्या निघाल्या. यात माणसाचं काम गेलं असं म्हणता येत नाही, कारण यातल्या बहुतेक बातम्या आधी कोणी लिहीतच नव्हतं.

आणि दुसरं जरा बोचरं. रोजच्या अंकातली कितीतरी कॉपी म्हणजे प्रेसनोट घ्यायची, पहिला परिच्छेद खाली-वर करायचा, 'यावेळी मान्यवर उपस्थित होते' गाळायचं आणि पान सोडायचं. हे काम यंत्राने केलं तर नक्की काय बुडतं? स्वीडनमधले संशोधक क्रिस्टर क्लेरवाल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वाचकांना सामन्याची माणसाने लिहिलेली बातमी दिली होती, बाकीच्यांना यंत्राने लिहिलेली. यंत्राची बातमी वाचकांना कंटाळवाणी पण तटस्थ वाटली, माणसाची वाचायला अधिक छान. आपल्या हातातली बातमी कोणाची हे मात्र त्यांना धड ओळखता आलं नाही.

चौथी ओळ

प्रेसनोटचं काम हल्ली भाषा मॉडेलाकडेच जातं, म्हणून त्या जातीबद्दल लिहितो. ती वेगळ्या प्रकारे चुकते. साचा चुकला की कंस दिसतात, उणे १५० टक्के दिसतात, चूक ओरडून सांगते. मॉडेल चुकतं तेव्हा वाक्य छान असतं.

'सीनेट' (CNET) या अमेरिकी संकेतस्थळाने नोव्हेंबर २०२२ पासून पैशांच्या विषयावरचे ७७ लेख असे तयार केले. जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण बाहेर आल्यावर तपासणी झाली आणि त्यांतल्या ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एकात म्हटलं होतं की १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षात १०,३०० डॉलर मिळकत होईल. मिळकत ३०० ची, एकूण रक्कम १०,३००. 'मिळकत' आणि 'एकूण' यांतला फरक सुटला आणि वाक्य डौलात पुढे गेलं. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, पण १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. ती पुरवणी बाहेरून तयार होऊन आली होती आणि वाटेत कोणीच यादी ताडून पाहिली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांची पाहणी आली. १८ देशांतल्या २२ सार्वजनिक प्रसारण संस्थांनी १४ भाषांत एआय सहायकांना बातम्यांवर प्रश्न विचारले होते. ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला.

बातमी आखूड करताना काय गळतं ते नीट बघा. मूळ वाक्य: 'चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी एका संशयिताला चौकशीसाठी बोलावलं.' आखूड झालेलं: 'चोरीप्रकरणी आरोपी पोलिसांच्या ताब्यात.' तीन शब्द कमी झाले आणि दोन खोट्या गोष्टी शिरल्या. संशयित, आरोपी आणि दोषी या कायद्यातल्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मॉडेलाला ते जवळचे शब्द वाटतात. तीच गत 'असा आरोप आहे', 'असा दावा केला', 'शक्यता आहे' या शेपट्यांची. त्या वाक्याच्या शेवटी असतात आणि कात्री तिथेच चालते. मराठीत नकारही वाक्याच्या टोकालाच असतो.

हिंदी मजकुरावरून मराठी बातमी करताना 'कल' हा हमखास दगा देणारा शब्द. काल की उद्या, ते क्रियापदावरून कळतं, पण मथळ्यात क्रियापद नसतंच. 'परसों'चंही तेच. म्हणून मसुद्यात काल, आज, उद्या ठेवायचेच नाहीत. तारीख लिहायला लावायची आणि शेवटी माणसाने तिचा 'काल' करायचा.

वापरायचंच असेल तर क्रम असा ठेवा. मूळ मजकूर हातात द्या, मॉडेलाला 'या विषयावर लिही' असं कधीही सांगू नका. मसुदा आला की त्यातले सगळे आकडे साध्या प्रोग्रॅमने वेगळे काढा आणि मूळ मजकुरातल्या आकड्यांशी ताडा. मुळात नसलेला एकही आकडा आला तर मसुदा परत. अवतरणचिन्हांतलं प्रत्येक वाक्य मुळाशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. भाषांतर असेल तर तसं जुळवता येत नाही, तिथे अवतरणचिन्ह काढून 'अशा आशयाचं' लिहा. नावं आणि पदं हातानेच तपासा. मथळा मसुद्यावरून करू नका, मूळ मजकुरावरून करा. नाहीतर आखूड केलेल्याचं पुन्हा आखूड होतं आणि गळती दुप्पट.

हे सगळं करायला लागणारा वेळ मोजा आणि मग ठरवा. आठ ओळींच्या प्रेसनोटसाठी तयार उपसंपादक बहुधा त्याआधीच मोकळा होतो.

जुळारी

अर्धविराम, प्रेसनोटच्या मुद्द्यावर अर्धं मान्य. पण चांगला उपसंपादक प्रेसनोट वाचताना तिच्यात काय नाही ते शोधत असतो. 'प्रकल्पाचं काम वेगाने सुरू आहे' असं आलं की त्याला मूळ मुदत आठवते, जी नोटमध्ये नसते. 'अपघातात जीवितहानी नाही' म्हटलं की जखमी किती, हा पुढचा प्रश्न. 'नव्या दरपत्रकाला मंजुरी' म्हटलं की जुने दर कुठे आहेत? यंत्राला दिलेल्या मजकुरातून न दिलेली गोष्ट काढायला सांगितली तर ते एकतर गप्प बसतं किंवा रचून सांगतं. दुसरा प्रकार जास्त वाईट.

निवडणुकीचे निकाल, भूकंप, सामने, तिमाही आकडे यांत एक गोष्ट समान आहे: यंत्राच्या आधी कोणीतरी ठरावीक वेळी, ठरावीक नमुन्यात आकडे भरून देतं, आणि ते देणं त्याला बंधनकारक तरी असतं किंवा फायद्याचं तरी. ज्या गोष्टीचा तक्ता कोणालाच करायचा नसतो तिच्यासाठी फोन करावा लागतो, कचेरीच्या बाकावर बसावं लागतं, कागद मागावे लागतात.

नवखा

छान चाललंय. एक व्यवहारी प्रश्न. चार-पाच जणांच्या छोट्या संपादकीय गटाने साच्याच्या बातम्या सुरू करायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तळटीप

नवखा, विषय असा निवडा की त्याचे आकडे रोज किंवा दर आठवड्याला एकाच जागेवरून, एकाच नमुन्यात येतात. हवामान, धरणसाठा, परकी चलनाचे दर, स्पर्धांचे गुणतक्ते. महिन्यातून एकदा येणारे आकडे पहिल्या प्रयोगाला घेऊ नका, चूक कळायलाच सहा महिने जातात.

त्या विषयाच्या हाताने लिहिलेल्या जुन्या ५० बातम्या काढा आणि प्रत्येक वाक्याखाली लिहा की ते कुठल्या रकान्यातून आलं. ज्या वाक्याला रकाना सापडत नाही ते साच्यात येणार नाही. बातमीचा निम्म्याहून जास्त भाग असा बिनरकान्याचा निघाला तर विषय सोडा.

मग साचा लिहा आणि त्याला मुद्दाम वाईट आकडे खायला घाला. शून्य, उणे, रिकामा रकाना, दोनदा आलेली तीच नोंद, पुढची तारीख, गेल्या वर्षीची तारीख, दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. खऱ्या आकड्यांवर चाचणी करून समाधान मानू नका, खरे आकडे बहुतेक दिवस सरळच असतात.

त्यानंतर चार आठवडे यंत्र फक्त मसुदे करेल, प्रसिद्ध काही होणार नाही. रोजची माणसाची बातमी आणि यंत्राचा मसुदा शेजारी ठेवून फरक वहीत टिपा. सलग दोन आठवडे वहीत नवीन प्रकारची चूक आली नाही तर पुढे जा. पुढे गेल्यावरही काही अटींवर बातमी आपोआप अडली पाहिजे: आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर, आधीच्या नोंदीशी अगदी तंतोतंत सारखा (म्हणजे स्रोत अडकलाय), ठरलेल्या वेळेनंतर बराच उशिरा आलेला. आणि सगळं एका झटक्यात बंद करायचं बटण डेस्कवरच्या कोणालाही दाबता आलं पाहिजे. ते प्रोग्रॅमरच्या फोनवर अवलंबून असेल तर रात्री दोन वाजता काय कराल?

चौथी ओळ

तळटीप यांच्या यादीत भर. प्रत्येक बातमीसोबत साच्याचा आवृत्ती क्रमांक आणि वापरलेले आकडे जपून ठेवा. माणसाची चूक एका बातमीत असते, साच्याची चूक त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या बातम्यांत. आवृत्ती क्रमांक नसेल तर कुठल्या दोनशे बातम्या दुरुस्त करायच्या ते शोधण्यात आठवडा जातो. दुरुस्ती केली की बातमीखाली तारखेसह लिहा, गुपचूप बदलू नका.

आणि खाली नाव कोणाचं? युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यातलं ५० वं कलम म्हणतं की लोकांना सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांची माहिती देण्यासाठी यंत्राने तयार केलेला मजकूर तसा आहे हे सांगायला हवं. माणसाने तो तपासला असेल आणि कोणीतरी संपादकीय जबाबदारी घेतली असेल तर सूट आहे. ही सूट वाचून पुष्कळांना हायसं वाटतं. पण तपासणारा दिवसाला चारशे मसुदे 'पुढे' करत असेल तर त्याला तपासणी म्हणायचं का, याचं उत्तर अब्रुनुकसानीच्या खटल्यात उलटतपासणीला द्यावं लागेल, आणि त्या पिंजऱ्यात यंत्र उभं राहणार नाही.

अर्धविराम

दिवसाला चारशेचा मुद्दा पटला. तपासणाऱ्याने एका पाळीत किती मसुदे बघायचे याची मर्यादा आधी ठरवावी आणि यंत्राचा वेग त्या मर्यादेला बांधावा. उलटं केलं जातं, म्हणून घोळ होतो.

सामान्यरूप

रकाना, तुमचं मुख्य वाक्य पुन्हा वाचत होते. दोन ठिकाणी अडलं. नफा ४१२.० कोटींवरून ४१२.१ कोटी झाला तर फरक ०.०२४ टक्के. एका दशांशस्थळापर्यंत घेतला की वाक्य होतं: 'नफा ०.० टक्क्यांनी वाढून ४१२.१ कोटींवर गेला'. आणि नफा बरोबर १ कोटी असेल तर 'कोटींवर' चुकतं, 'कोटीवर' हवं. तुमच्या चार फांद्यांत 'काहीच बदललं नाही' ही फांदीच नाही.

रकाना

बरोबर, सुटलं होतं. पाचवी फांदी: फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर टक्के द्यायचे नाहीत, '[कंपनी-चा] निव्वळ नफा गेल्या वर्षीइतकाच, [नफा] [कोटी / कोटींचा] राहिला' असं लिहायचं. आणि ही अट टक्के गोल करण्याच्या आधी तपासायची, नंतर नाही, नाहीतर ०.४६ चे ०.५ होऊन ते वाढीच्या फांदीत शिरतील.

सामान्यरूप

'कोटी / कोटींचा' नको. एकवचनी 'कोटीचा' हवं.